पस्तिसावा अध्याय आणि चार मडकी नीरा

मी पत्रकं लिहितो. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पत्रकं लिहिणाऱ्याला एक खोड जडते. कुठल्याही गोष्टीतलं आपल्या कामाचं तेवढं तो उचलतो, आणि उरलेलं कागद पुरला नाही म्हणून गाळलं असं स्वतःला समजावतो. बाविसाव्या वर्षापर्यंत मी केळ्यांच्या दलालांविरुद्ध, लग्नातल्या बँडविरुद्ध, हुंड्याविरुद्ध आणि चर्चमध्ये पुढची बाकं अडवून बसणाऱ्या बागाईतदारांविरुद्ध पत्रकं काढली होती. आमचे बाबा तिसऱ्या बाकावर बसत, म्हणून त्या शेवटच्या पत्रकात मी 'पहिली दोन बाकं' असं मुद्दाम लिहिलं. एकही दलाल खचला नाही. बँड वाजतच राहिले. फक्त छापखान्याचा मालक मला पाहिलं की चहा मागवू लागला.

त्या सुमारास मुंबई राज्यात दारूबंदी आली. वसईजवळच्या आमच्या पापडी गावात ती वेशीपर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. लोक कायद्याबद्दल फार आदरानं बोलत, आणि बोलून घशाला कोरड पडली की आत जात. माझा संताप संताप झाला. मी स्वतः थेंबालाही शिवलेलो नव्हतो. ताडी कशी लागते, दारू कशी लागते, मला काही म्हणता काही ठाऊक नव्हतं, आणि या अज्ञानाचा मला भलताच अभिमान होता.

सरकार सांगतं म्हणून आमची माणसं ऐकायची नाहीत, देव सांगतो म्हणून ऐकतील, असं मला वाटलं. तेव्हा देवाचं म्हणणं छापील हवं. आमच्या घरात प्रार्थनेचं पुस्तक होतं, रोझरी होती, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर होती, बायबल नव्हतं. आळीत कुणाच्याच घरात नव्हतं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये व्हायची, शास्त्रात काय आहे ते फादर समजावून सांगायचे, आणि आपण ऐकायचं, अशी पद्धत. मराठी बायबल मिळे ते दुसऱ्या पंथानं छापलेलं. फादरांच्या परवानगीशिवाय ते घरात आणलं तर कुमसाराला, म्हणजे पापं कबूल करायला, जावं लागेल. मी ते मुंबईत एका जुन्या पुस्तकवाल्याकडून आणलं आणि माळ्यावर सुकेळीच्या, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांच्या, टोपलीमागं लपवलं. देवाची आज्ञा पाळा हे जगाला सांगायला निघालेल्या मोहिमेची सुरुवात अशी आज्ञा मोडून झाली. मला ते जाणवलं नाही. पुढारी व्हायचं तर काही गोष्टी न जाणवण्याची सवय लागते.

पुस्तक जाडजूड होतं. पहिल्या पानापासून वाचायचा धीर कुणाला होता? मी 'द्राक्षारस' हा शब्द शोधत पानं उलटत गेलो. अडचण अशी की जिथं तिथं लोक तो खुशाल पीत होते. काना गावच्या लग्नात तर खुद्द प्रभूनंच तो पुरवला होता. ते पान मी जरा घाईनं उलटलं. शेवटी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात पस्तिसावा अध्याय सापडला. रेखाबी नावाचं एक कूळ. त्यांच्यापुढं द्राक्षारसानं भरलेले पेले ठेवले, तर ते म्हणाले की आम्ही पीत नाही, आमच्या पूर्वजानं आम्हाला मना केलं आहे. आणि देवानं त्यांची वाखाणणी केली. बस. एवढं मी उतरवून घेतलं, पुस्तक मिटलं आणि छापखाना गाठला. या अध्यायावर मी कधी प्रवचन ऐकलं नव्हतं, गावातल्या कुणी ऐकलं नव्हतं. देवाच्या हातून राहून गेलेलं पान आपण शोधून काढलं, असा माझा थाट.

पत्रकाचं नाव 'रेखाब्यांचे वारस व्हा'. पुढं तीन उद्गारचिन्हं. छापखानेवाला दोनच देत होता, तिसरं मी भांडून मिळवलं. खाली प्रतिज्ञा होती: ज्या मांडवात दारूचा पेला भरला जाईल त्या मांडवात आम्ही बसणार नाही, मग तो मांडव सख्ख्या बहिणीचा का असेना. 'सख्ख्या बहिणीचा' हे वाक्याला वजन यावं म्हणून घातलं होतं. मला एक धाकटी बहीण आहे आणि ती लग्नाची झाली आहे, हे मला माहीत होतं. पण पत्रकातली बहीण वेगळी आणि घरातली बहीण वेगळी असं माझ्या डोक्यात असावं. खाली नऊ पोरांच्या सह्या, पहिली माझी. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दाराशी उभा राहून मी ते वाटलं. सगळ्यांनी घेतलं. फुकटचा कागद आमच्याकडे कुणी नाकारत नाही. विड्याची पानं बांधून बाजारात न्यायला तो बरा पडतो.

महिना गेला नसेल, बहिणीचं लग्न ठरलं. वटार गावचं घर, आमच्यासारखंच केळी आणि पानमळेवाल्यांचं. नवऱ्याचा बाप म्हणजे आवाजानं मोठा आणि डोळ्यांनी लहान असा माणूस. तो बोलायला लागला की आपण हसावं की घाबरावं ते कळत नसे. आता आमच्या आळीची रीत अशी, की नवरा-नवरी चर्चमधून मांडवात आली की नवरीच्या भावानं एक पेला भरायचा. त्यातून आधी मुलाच्या बापानं घोट घ्यायचा, मग मुलीच्या बापानं. चर्चमधलं लग्न देवापुढचं आणि हे माणसांपुढचं. पेला फिरल्याशिवाय सोयरीक पक्की धरत नाहीत. पेल्यात काय असतं हे सांगायला नको. कायदा आल्यापासून कुणी सांगतही नव्हतं.

चर्चमध्ये लग्नाचा पुकार, म्हणजे जाहीर घोषणा, तीन रविवार होतो; पहिला झाला, आणखी दोन रविवार उरले होते, तोच वटारहून निरोप आला. त्यांच्या हाती माझं पत्रक पडलं होतं. मुलीचा भाऊ पेला भरणार नसेल आणि मांडवातही बसणार नसेल, तर आम्ही वऱ्हाड आणायचं कशाला, पत्रक वाचायला? मुलाच्या बापानं असं विचारलं होतं, आणि उत्तर दुसऱ्या पुकाराआधी हवं होतं.

बहीण तेव्हा ओट्यावर पानांच्या जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही. "दादा, तुला बसायचं तर बस, नाही तर नको बसू," ती म्हणाली. "पण माझं लग्न मोडलं तर तेही छापणार आहेस का?"

मी तिला तत्त्व म्हणजे काय ते समजावून सांगू लागलो. ती जुड्या उचलून आत गेली.

आईला जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती; घर आत्या चालवायची आणि वाडी बाबा. बाबा फार बोलणारे नव्हेत. त्या संध्याकाळी त्यांनी मला एवढंच सांगितलं, की माळ्यावरून तुझं ते पुस्तक काढ. ते तिथं आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, कारण टोपलीतली सुकेळी उलटीसुलटी करायचं काम त्यांचं होतं. त्यांनी चष्मा लावला, ओटीवर बसून ओळीखाली बोट धरून पस्तिसावा अध्याय सगळा वाचला. मग परत वाचला.

घरी आम्ही आमच्या बोलीत भांडतो. इथं ते छापायच्या मराठीत लिहिलं आहे, त्यामुळे बाबा होते त्यापेक्षा मऊ वाटतील.

"यात घर बांधू नका असंही सांगितलंय," ते म्हणाले.

असेल, मी म्हटलं.

"बी पेरू नका. मळा लावू नका. जन्मभर तंबूत राहा. हे तुझ्या कागदात नाही."

मी म्हटलं, जागा नव्हती.

बाबांनी चष्मा काढला आणि समोर पाहिलं: केळी, माड, मागं पानमळा. "मग उद्या लवकर ऊठ," ते म्हणाले. "आधी घराची कौलं उतरवू, मग पानवेली उपटू. तंबू कुठं मिळतो ते तू बघ, तुझ्या ओळखी आहेत."

तंबूत चूल कुठं मांडायची ते आधी ठरवा, असं आत्यानं स्वयंपाकघरातून सांगितलं.

मी चिडलो. ते जुन्या काळापुरतं होतं, आज घ्यायचं ते दारूचं, असं मी ठासून सांगितलं. बाबांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. दारूबद्दल यात मला फारसं दिसलं नाही, ते म्हणाले. हे सगळं बापाचं ऐकणाऱ्या पोरांबद्दल आहे.

मग मी फादरांकडे गेलो. आता चर्चनंच माझी बाजू घ्यावी, दुसरं काय. फादर म्हातारे होते, इकडचेच होते, आणि माझी सगळी पत्रकं त्यांच्या टेबलाच्या खणात होती. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की बायबल कुणाच्या परवानगीनं आणलंस. मला कुमसाराला बसवलं. प्रायश्चित्त म्हणून तो अध्याय हातानं तीनदा लिहून आण म्हणाले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, कागद कमी पडला तर माझ्याकडून ने. मग त्यांनी शाळेतल्या पोराला विचारावं तसं विचारलं, की रेखाब्यांपुढं पेले कुणी ठेवले.

मी म्हटलं, यिर्मयानं.

कुणाच्या सांगण्यावरून?

हे मी पाहिलं नव्हतं. त्यांनी पान काढून दाखवलं. देवाच्या सांगण्यावरून. देवानं सांगितलं म्हणून संदेष्ट्यानं त्या माणसांना देवाच्याच मंदिरातल्या एका खोलीत बोलावलं आणि पेले भरून पुढं ठेवले.

"बोलावलं तिथं गेले," फादर म्हणाले. "बसवलं तिथं बसले. घ्या म्हटल्यावर आपलं कारण सांगितलं आणि घेतलं नाही. संदेष्ट्याला शिव्या दिल्या नाहीत. यातलं तू काय करणार आहेस?"

मी म्हटलं, मी फक्त देवाचं ऐकतो.

"तुझा देव फार सोयीचा आहे," ते म्हणाले. "तू लिहितोस तेच तो बोलतो."

मी अध्याय तीनदा लिहिला. हात दुखला. देवाची खरी तक्रार शेवटी शेवटी होती: या लोकांनी मेलेल्या बापाचा एक शब्द पिढ्यान्‌पिढ्या पाळला, आणि मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगतो तरी तुम्ही कान देत नाही. ते मी तीनदा सुवाच्य अक्षरात लिहिलं, आणि तिन्ही वेळा माझी खात्री झाली की हे आमच्या गावाबद्दल आहे.

पण दुसरा पुकार जवळ येत होता. बहीण माझ्याशी बोलत नव्हती, आणि तिचे डोळे सुजलेले असत, हे मलाही दिसत होतं. तोड सापडली तीही मला पत्रकातच, फक्त या वेळी सरकारच्या. सरकारनं नीरेचा प्रचार चालवला होता. ताडाचा रस पहाटे उतरवला की ती नीरा. गोड, थंड, कायद्याला मान्य. मी ठरवलं, व्याह्यांचा पेला नीरेनं भरायचा. रीत राहील, प्रतिज्ञा राहील, बहिणीचं लग्न राहील, आणि वसईभर एक आदर्श निर्माण होईल. हे शेवटचं आधी सुचलं होतं, पण असो.

वटारला मी स्वतः गेलो. मुलाच्या बापानं सगळं ऐकून घेतलं. भावानं पेला भरला म्हणजे झालं, तो म्हणाला. आत काय आहे ते आमचं पोट ठरवील. दुसरा पुकार झाला. बहीण पुन्हा बोलू लागली.

बाबांना मात्र नीरा पसंत नव्हती. आपल्या माडांची शहाळी काढू, लग्नाला तीच पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शहाळी कुणीही देतो, नीरा हा विचार आहे. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला. "मिस्सा सुटेपर्यंत ती राहणार नाही," एवढंच बोलले आणि पाणी सोडायला वाडीत गेले. मी ऐकलं होतं. ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण नीरेचे गुणधर्म मला सरकारनं छापून दिले होते, आणि बाबांचं म्हणणं कुठंच छापलेलं नव्हतं.

आता माझं गाढवपण नीट समजून घ्या. नीरा उतरते सूर्य उगवायच्या आत, आणि प्यायची ती लगेच; ऊन लागलं की तिची ताडी होते. आमच्यात तर मिस्सेला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, घ्यायचं तर आदल्या मध्यरात्रीपासून तोंडात पाण्याचा थेंबही घालायचा नाही. लग्नाची मिस्सा नऊला. म्हणजे पहाटे ती प्यायला सगळा गाव उपाशी आणि बांधलेला, आणि सगळे मोकळे होणार तेव्हा ऊन डोक्यावर. या दोन गोष्टी पापडीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होत्या. त्या दोन्ही मलाही ठाऊक होत्या. एकीला दुसरीशेजारी ठेवून पाहायचं तेवढं राहिलं होतं.

लग्नाच्या पहाटे ताडवाला आपल्या, रस आंबू नये म्हणून चुना लावलेल्या, मडक्यांतून नीरा घेऊन आला. "उन्हाआधी संपवा," तो म्हणाला. "पानी नाय हे, बसून राहायला." मी त्याला धन्यवाद दिले. त्याची मडकी कळकट दिसत होती, चुन्याचे ओघळ आलेले; अशा भांड्यांतून आदर्श कसा मांडायचा? मी माळ्यावरून आत्याची चार मोठी मडकी काढली, वरवर विसळली आणि नीरा त्यांत ओतली. ती मडकी कायदा आल्यापासून माळ्यावर का पडून होती, हा प्रश्न मला पडला नाही. प्रत्येकावर मी एकेक घोषवाक्य चिकटवलं आणि सगळ्यांना दिसावीत म्हणून मांडवाच्या पूर्वेच्या कडेला मांडली. तिथं ऊन छान येत होतं.

मिस्सा झाली. प्रवचन झालं. चर्चच्या पायऱ्यांवर फोटोवाल्यानं काळ्या कापडाखाली डोकं घालून घालून तास खाल्ला. मग वऱ्हाड बँड लावून निघालं, आणि बँडवाल्यांना माझं पत्रक माहीत असल्यामुळे ते माझ्या कानाशी जास्तच मन लावून वाजवत होते. मांडवात पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते.

मडक्यांवर फेस चढला होता. आत्यानं वाकून कान लावला. "तुझी नीरा बोलायला लागली की रे," ती म्हणाली. मी तिला सांगितलं की फेस हे ताजेपणाचं लक्षण आहे. तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, तिला भरून आलं.

मी पेला भरला. हातात धरून रेखाब्यांबद्दल चार शब्द बोललो आणि व्याह्यांपुढं केला. त्यांनी घोट घेतला. थांबले. त्यांचे लहान डोळे एकदम मोठे झाले. मग त्यांनी एक लांब घोट घेतला, मिशा पुसल्या आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरा, मी उगाच सरकारला शिव्या घालत होतो."

मांडव हसला. आपला विजय झाला असं मी धरून चाललो. पेला बाबांकडे गेला. बाबांनी तो नाकाजवळ नेला, एकदा माझ्याकडे पाहिलं, पेला कपाळाला लावला आणि परत व्याह्यांच्या हातात दिला. "माझा घोट तुम्हीच घ्या, व्याही." व्याह्यांनी 'का' म्हणून विचारलं नाही. जुनं ठरलेलं असावं तसा त्यांनी बाबांचा घोट घेतला आणि पेला उपडा ठेवला. सोयरीक पक्की झाली. बायकांनी गाणं धरलं.

मी मात्र पेटलो. पोराची नीरा बापानं नाकारली, भर मांडवात! केवळ हट्ट. त्यांनी टाकलेला मान आपण भरून काढायचा म्हणून मी स्वतः पेला भरला आणि गटागटा प्यालो. आंबटगोड, जिभेला चावणारं. सद्गुणाची चव अशीच असणार, मला वाटलं. दुसरा पेला प्यालो. पोटात मध्यरात्रीपासून काही नव्हतं. तिसरा आणि चौथा मी कुणाला तरी उदाहरण घालून देण्यासाठी प्यालो, पण कुणाला ते आठवत नाही.

पुढचं मला आत्यानं सांगितलं. मी बाकावर चढून भाषण केलं. केळ्यांच्या सर्व दलालांना मी माफ केलं, एकेकाचं नाव घेऊन. बँडवाल्यांना सलामी दिली. मुलाच्या बापाला रेखाबी म्हणून मिठी मारली. सगळ्यांनी आजच्या आज घरांची कौलं उतरवावीत असा ठराव मांडला आणि तो टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. माझं एकही भाषण लोकांनी आजवर इतकं मन लावून ऐकलं नव्हतं. दारूबंदीच्या काळात सबंध मांडवाला ताडी पाजणारा मी आमच्या भागातला एकटाच प्रचारक असेन, तोही कायद्याची स्तुती करत करत. नवरीच्या वेषातली बहीण उठून आली, तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "दादा, आता बस." मी बसलो. त्या महिन्यात मी कुणाचं पहिल्यांदा ऐकलं ते असं.

दुसऱ्या दिवशी डोकं फुटत होतं. आत्यानं पुढ्यात ताक ठेवलं. मी कण्हत कण्हत बाबांच्या हट्टाबद्दल तक्रार सुरू केली, तशी ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुला माहीत नाही?" ती म्हणाली.

आजोबा दारूनं गेले, हे मी अर्धवट ऐकलं होतं. जाताना त्यांनी बाबांना जवळ बोलावून सांगितलं होतं, की तू शिवू नकोस. बाबा तेव्हा माझ्याच वयाचे. तेव्हापासून तीस वर्षं ते प्रत्येक लग्नाला गेले, प्रत्येक मांडवात बसले, पेला आला की कपाळाला लावला आणि शेजारच्याला दिला. पापडीला माहीत होतं. वटारला माहीत होतं. घोट कुणी घ्यायचा तेही ठरल्यासारखं होतं. त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही की पिऊ नका, आणि त्यांना कुणी म्हटलं नाही की घ्या. अख्ख्या पंचक्रोशीत एकच रेखाबी होता, तो माझ्या घरात राहत होता, आणि मी त्याला अध्याय समजावून सांगत होतो.

मी वाडीत गेलो. बाबा पानवेलींना आधार बांधत होते. मी विचारलं, मला कधी सांगितलं का नाहीत. विचारलं नाहीस, ते म्हणाले. मग मी विचारलं, नीरा बिघडणार हे माहीत होतं तर मला अडवलं का नाहीत.

"सांगितलं होतं."

"एकदाच सांगितलंत."

त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "माझ्या बापानंही एकदाच सांगितलं होतं," ते म्हणाले.

आज्ञा पाळणं म्हणजे ती मोठ्यानं वाचून दाखवणं, अशी माझी आजवर समजूत होती. त्या अध्यायातल्या माणसांना देवानं वाखाणलं ते त्यांच्या तोंडात पेला गेला नाही म्हणून नव्हे. कानात गेलेला शब्द बाहेर पडला नाही म्हणून. मी आजही दारूबंदीचाच आहे, त्यात काडीचा बदल नाही. पण माझ्या कानात काय शिरतं आणि किती टिकतं, याचा तपास मी तेव्हापासून सुरू केला आहे. अजून फार काही हाती लागलेलं नाही.

आठवड्यानं बाबांनी मला वटारला पाठवलं. लग्नानंतर भावानं बहिणीला माहेरी आणायला जायची पद्धत आहे. ओटीवर सासरची सगळी मंडळी जमली होती. बहीण दारात उभी होती, नव्या घरात आठ दिवसांची, माझ्या तोंडाकडे बघत. मी आता काय बोलतो यावर तिला पुढं कितीतरी वर्षं टोमणे खावे लागणार होते किंवा नव्हते. तिच्या सासऱ्यानं माझ्यापुढं पेला ठेवला.

"घे," तो म्हणाला. "आमच्याकडेही नीरा मिळते. तुझ्याइतकी चांगली नाही."

सगळे हसले. माझ्या घशाशी सबंध पत्रक आलं, प्रतिज्ञेसकट, तिन्ही उद्गारचिन्हांसकट. कायदा, शरीराची हानी, संसारांची राखरांगोळी, सगळं ओळीनं उभं होतं.

"मी घेत नाही," मी म्हटलं.

"का रे?"

"बाबा घेत नाहीत."

मग त्यानं पेला उचलून बाजूला ठेवला आणि आत हाक मारून चहा टाकायला सांगितला. बहीण दारातून आत गेली आणि तिनंच तो आणला. चहा फार गोड होता. साखरेच्या काळ्या बाजाराविरुद्धचं माझं पत्रक तेव्हा छापखान्यात होतं, आणि एवढी साखर या घरात आली कुठून हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मी चहा प्यालो, कप बशीवर ठेवला, आणि बहिणीचं गाठोडं उचललं.